गोदूबाईच्या पायरीबद्दल

खपलीची एक कड सुटली होती, आणि ती ओढायची नाही असं तिनं सकाळपासून तीनदा ठरवलं होतं. गुडघ्यावरची खपली — मध्ये काळी, कडेनं तांबूस, आकारानं थेट शाळेतल्या नकाशातल्या साष्टी बेटासारखी. आणि नकाशात जिथे ठाण्याची खाडी येते नेमकी तिथलीच कड सुटलेली. नखानं जराशी उचलली की खालची नवी गुलाबी कातडी दिसायची. म्हणजे आतून भरून आलं आहे. म्हणजे पाय बरा आहे. म्हणजे शाळेत जायला काहीच — काही म्हणजे काहीच — हरकत नाही.

मंदाकिनीनं परकर खाली ओढला आणि माजघराचा कानोसा घेतला.

आत आवडाकाकू ताक करत होत्या. रवीचा आवाज एका लयीत चालला होता आणि त्याच लयीत त्या आईला सांगत होत्या, "आज भावजी आले की मी विषय काढणार. तू मध्ये बोलू नकोस हो." आई मध्ये बोलणार नव्हतीच. आई मध्ये कधी बोलत नाही. ती नंतर, पानात भात वाढताना, अर्धं वाक्य बोलते, आणि उरलेलं अर्धं अप्पांनी समजून घ्यायचं असतं. आवडाकाकू म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यापासून घराच्या किल्ल्या आणि घराचे शकुन, दोन्ही त्यांच्याच कनवटीला.

अप्पा कलेक्टरकचेरीत कारकून. साहेबाच्या दौऱ्याबरोबर ते दहा दिवस कल्याणच्या मुक्कामाला होते आणि आज दुपारच्या गाडीनं परतणार होते. मंदा पडल्याचं त्यांना अजून ठाऊकच नव्हतं. म्हणजे आज ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा सांगितली जाणार, आणि जी पहिल्यांदा सांगितली जाईल तीच खरी ठरणार — हे कचेरीतल्या माणसाच्या मुलीला नाही कळणार तर कोणाला!

काकूंची गोष्ट तयार होती. आठ दिवस त्या ती शेजारणींना सांगून सांगून घोटत होत्या. शनिवारी, मारुतीच्या दारात, शाळेच्या वाटेवर पोर पडली. पाटी फुटली, गुडघा फुटला, पाय मुरगळला. देवानं याहून स्पष्ट ते काय बोलायचं? झाली तेवढी शाळा पुरे. चौदावं लागलं, आता पत्रिका बाहेर काढा.

मंदाची गोष्ट तीन शब्दांची होती. पायरीवर तेल होतं.

तीन शब्द, पण ते कोणी ऐकून घेईना. पहिल्या दिवशी आंबेहळदीचा लेप लावून घेताना ती ओरडून म्हणाली होती, "अहो काकू, पायरीवर तेल होतं!" तर काकू शांतपणे म्हणाल्या, "तेल तर तिथं दर शनिवारी असतं. सगळे कुठे पडतात?" त्या वेळी काही सुचलं नाही. आता, आठ दिवस अंथरुणावर बसून, सुचलं होतं. भरपूर सुचलं होतं! अप्पा घरी कचेरीतले कागद आणत, रात्री समईपाशी मोठ्यानं वाचून ताळा पाहत, आणि लहानपणापासून ऐकून ऐकून तिला ती भाषा अशी पाठ झाली होती जशी इतर मुलींना भोंडल्याची गाणी. तिनं मनात एक अर्ज रचला होता. अर्जदार मंदाकिनी, सामनेवाली गोदूबाई तेलीण, कारण पायरी. गोदूबाईनं एकदा, नुसतं एकदा म्हणावं — हो, माझ्या पायरीवर तेल होतं, पोरीचा दोष नाही — की मग देव, शनी, शाळा, पत्रिका, सगळं बाजूला. मग अप्पा ऐकतील. अप्पा पुरावा असला की ऐकतात.

आणि गंमत म्हणजे तिला त्या पायरीकडे पाठवत होत्या स्वतः काकूच.

"ही वाटी घे," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. हातात लहानशी पितळेची वाटी. "आज शनिवार. हिच्यात तेल घे, आणि तुझ्या हातानं मारुतीला धार घाल. चुकलं म्हण. आणि मग ये आणि घरात बस."

"काय चुकलं म्हणू?"

"देवाला कळतं काय ते."

"मग त्याला सांगायला कशाला हवं?"

काकूंनी वाटी तिच्या हातात कोंबली. आठ दिवसांपूर्वी मंदा असं बोलली नसती. आठ दिवसांपूर्वी... नाही, त्याच्या आदल्या दिवशीच काहीतरी सुरू झालं होतं. शुक्रवारी. शाळेतल्या बाईंनी सगळ्या वर्गादेखत म्हटलं होतं, "उद्यापासून दुसरीच्या मुलींचे पाढे मंदाकिनी घेईल." मी! बावीस मुली माझ्यासमोर बसणार आणि मी छडी न घेता, अगदी बाईंसारखा नुसता आवाज लावून, त्यांच्याकडून एकोणतीसा म्हणवून घेणार. त्या रात्री तिनं उशीला पाढे शिकवले होते.

"आणि इतक्यात निघू नकोस," काकू आत जाता जाता म्हणाल्या, "ऊन चांगलं वर येऊ दे. सकाळच्या पारी तेलणीच्या दारात नको."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, आणि मंदानं इतक्या सहज मान हलवली, की त्यात काही ऐकण्यासारखं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

ऊन वर आल्यावर ती निघाली. पाय किंचित ओढत होता — पण किंचितच, आणि कोणी पाहत असलं की तेवढाही नाही. मार्गशीर्षातली हवा कोरडी, गार. तलावाच्या पाण्यावर चकचकतं ऊन. धुणी धुणाऱ्या बायकांची बडबड पाण्यावरून दुप्पट होऊन येत होती. आठ दिवसांनी बाहेर! तिला पळावंसं वाटलं. त्याऐवजी ती पुटपुटत चालली: अर्जदार इचे म्हणणे ऐसे जे, सामनेवाली हिचे तेलाचे दुकान पेठेच्या कोपऱ्यावर असून...

असून काय? असून सगळ्या जगाला त्याच पायरीवरून जावं लागतं. गल्ली इतकी अरुंद की मधून बैलगाडी आली की माणसांनी कडेच्या फरशांवर चढायचं, आणि कोपऱ्यावर फरशी म्हणजे गोदूबाईची पायरी — एक लांबलचक काळा दगड, घासून घासून गुळगुळीत झालेला. पायरीच्या उजव्या अंगाला भिंतीत कोनाडा, कोनाड्यात शेंदराचा मारुती. शनिवारी गोदूबाई दुकान उघडताना पहिली पळी त्याला घालते. मग गिऱ्हाईकं घालतात. बाळकुमहून, कोलशेतहून बाजाराला येणारी माणसं घालतात. आणि मारुती काही तेल पीत नाही. तेल कोनाड्यातून ओघळतं आणि पायरीवर येतं. पायरीवरून पुढे जायला त्याला जागाच नाही.

सगळं स्वच्छ दिसत होतं, पाटीवर मांडलेल्या त्रैराशिकासारखं. फक्त एका जागी पुसलेलं होतं.

तो शनिवार ती पुन्हा पुन्हा आठवून पाहत होती. सकाळची शाळा. थंडी. दप्तर खांद्याला, पाटी छातीशी. मनात एकोणतीसा — एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन... कोपरा. समोरून गाडी येत होती म्हणून ती कडेला झाली. पायरी दिसली, हे आठवतं. आणि मग — आकाश. कौलांच्या दोन कडांमधली आकाशाची निळी पट्टी आणि कानाशी कोणाचा तरी आवाज, "आगो बाय, परलीस का गं पोरी?" बाळकुमची हौसाबाई, वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर तशीच ठेवून, एका हातानं तिला उठवत होती.

पायरी आणि आकाश यांच्या मध्ये काय होतं? मी वाचत होते का? नाही. उड्या मारत होते का? नाही... म्हणजे थोड्या. पण पायरीशी नाही. पायरी दिसली होती ना मला, आणि शनिवारी ती कशी असते हे मला ठाऊक आहे, मी तिथून तीन वर्षं जाते आहे, दर शनिवारी अंगठे रोवून जाते — मग त्याच दिवशी पाऊल असं आंधळ्यासारखं का पडलं? तिथे काहीतरी होतं आणि ते गळलं होतं. तिनं डोकं हलवलं. अर्जात ते यायचं कारण नव्हतं. पायरीवर तेल होतं, एवढं पुरे.

कोपऱ्यावर आली तेव्हा एक म्हातारा कोनाड्यासमोर हात जोडून उभा होता. कोलशेतचा गुणाजी, घरी मीठ घालायला येत असे म्हणून ती त्याला ओळखत होती. धार घालून तो मागे सरला, टाच तेलावर आली, आणि दोन्ही हात पसरून, बगळा उडता उडता राहावा तसा तो जागच्या जागी डोलला. पडला नाही. भिंत धरली. आणि मग भिंतीला धरूनच म्हणाला, "सांभाल रं बाबा मारुतीराया! काय चुकला माजा?" आणि वळून दुकानात, "गोदूबाय, आनी पावशेर घाल. रागावलाय त्यो."

गोदूबाईनं मुकाट्यानं माप भरलं. गुणाजीनं मुकाट्यानं पुन्हा धार घातली. ती धार ओघळून पुन्हा पायरीवर आली.

मंदा जागच्या जागी उभी राहिली. तिला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी अंगावर काटा येत होता. तेल सांडतं म्हणून माणूस घसरतो, घसरला म्हणून तेल घालतो, घातलं म्हणून पुढचा घसरतो! आणि माझ्या हातात ही वाटी आहे! मी घातलेल्या धारेवर कोण पडेल — दुसरीतली एखादी?

तिनं वाटी ओच्यात खुपसली, अंगठे रोवून पायरी ओलांडली आणि दुकानाच्या दाराशी उभी राहिली.

आत तिळाचा दाट वास. मागच्या अंगणात घाणा करकरत होता. गोदूबाई पोत्यावर बसली होती. चाळिशीची, रुंद हाडाची, कोपरापर्यंत हात तेलानं चकचकीत. तिनं मंदाकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे.

"चालतेस की."

"चालते," मंदा म्हणाली. "तक्रार आहे."

"तेल खवट लागलं?"

"तेलाची नाही. पायरीची."

"पायरी मी इकत नाय, पोरी."

"विकत नाही, पण तुमची आहे ना? मग ऐकून घ्या." आणि तिनं पाठीमागे हात बांधले — बाई बांधतात तसे — आणि सुरू केलं. "अर्जदार मंदाकिनी त्र्यंबक, राहणार ठाणे, इचे म्हणणे ऐसे जे, सामनेवाली—"

"ती कोन?"

"तुम्ही."

"बरं. आन् तुमी-बिमी बी? आजपावतर तर 'ए गोदू' व्हते."

मंदाचे कान तापले. पण थांबली नाही. थांबलं की संपलं, हे तिला ठाऊक होतं. "—सामनेवाली हिने आपल्या पायरीवर तेल सांडू दिले, पुसले नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यास ताकीद दिली नाही, त्यायोगे अर्जदार पडून तिचा पाय मुरगळला, पाटी फुटली व सात दिवस शाळा बुडाली. सबब सामनेवालीने आपली चूक कबूल करावी व पायरीचा बंदोबस्त करावा." श्वास. "हा विनंती अर्ज."

घाणा करकरला. गोदूबाई हसेल असं तिला वाटलं होतं. रागावेल, उडवून लावेल, नवरा असला तर त्याला हाक मारेल. त्या प्रत्येकासाठी तिच्याजवळ उत्तर तयार होतं. आठ दिवस उत्तरंच तर रचली होती!

"खरं हाय," गोदूबाई म्हणाली.

"काय?"

"तेल व्हतं. दर शनवारी दोघं-तिघं पडत्यात. तुज्याआधी त्या सोनाराची आई पडली. मला काय दिसत नाय व्हय?"

"मग पुसत का नाही?"

"देवाच्या अंगावरनं आलेलं तेल तेलणीनं पायपुसण्यानं पुसायचं? पेठ ऱ्हाऊ दील मला? राख टाकली तर म्हनतील देवाच्या दारात राख टाकली." तिनं हात पदराला पुसले, ते अजिबात पुसले गेले नाहीत. "पन आज पोर येऊन तोंडावर बोलली. आजवर कोनी बोललं नव्हतं. पडत्यात, आन् देवाला इचारत्यात. मला कोनी इचारत नाय." ती उठली, कोपऱ्यातलं एक कोरडं गोणपाट उचललं, झटकलं, बाहेर गेली आणि पायरीवर अंथरलं. पायानं दाबून नीट केलं. "झाला बंदोबस्त?"

झाला. इतका सोपा! मंदाला अगदी टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. जिंकले! एवढंच होतं, एक गोणपाट, आणि विचारायला एक तोंड. आता फक्त पुढचं. "गोदूबाई, हेच तुम्ही अप्पांना सांगाल? आज दुपारी ते येणार. आमच्या घरी येऊन सांगायचं, की पायरीवर तेल होतं. नाहीतर काकू माझी शाळा बंद करणार आहेत."

गोदूबाई पायरीवरच उभी होती, उन्हात. "येईन," ती म्हणाली. "पन मी जे पाह्यलं ते समदं सांगीन. अर्धं नाय सांगायची."

"समदं म्हणजे?"

"तू कशी पडलीस ते."

"कशी? मी वाचत नव्हते. उड्यापण—"

"नव्हतीस. चांगली पायरीकडं बघत येत व्हतीस. मी पहिली पळी घालून दुसरी घेऊन दारात आले. तू वर पाह्यलंस. मला पाह्यलंस." गोदूबाईचा आवाज तेलाचं माप भरताना असतो तसा, एका धारेचा. "आन् डोळं मिटलेस. घट्ट. मिटल्या डोळ्यांनी पाऊल टाकलंस."

करकर. करकर.

...हो. तिथे तेच होतं. पायरी आणि आकाश यांच्या मधला तो काळोख काही गळलेला नव्हता. तो काळोखच होता, माझ्या पापण्यांचा. सकाळच्या पारी तेलणीचं तोंड दिसलं तर डोळे मिटावेत आणि मनात तीनदा रामाचं नाव घ्यावं — कधी शिकले हे मी? कोणी बसवून शिकवलं नाही, जसं कोणी श्वास घ्यायला शिकवत नाही. काकूंचं बोट धरून चालत होते तेव्हा काकूंचं बोट एका कोपऱ्यावर आवळलं जायचं, आणि तो कोपरा हाच. परीक्षेच्या दिवशी तर मी तलावाच्या अंगानं लांबून जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. त्या शनिवारी मला पाढे घ्यायचे होते. बावीस मुली. इतका मोठा दिवस, तो बिघडायला नको होता, म्हणून मी डोळे मिटले. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, राम, राम — तिसरा राम मी उताणी पडून म्हटला असणार.

तिला बोलायचं होतं. एवढी भाषा येत होती तिला. सबब, त्यायोगे, ऐसे जे! एकही शब्द पुढे येईना.

"वाईट नको वाटून घेऊस," गोदूबाई म्हणाली, आणि हेच सगळ्यांत वाईट होतं. "समदीच मिटत्यात. कोन थुकतं, कोन माघारी फिरतं. मी दारात येताना वाईच थांबते, गल्ली मोकळी होऊ देते. त्या दिशी चुकलं, गाडीच्या आवाजात तुजी चाहूल नाय लागली. तेवढी माजी चूक. तुज्या अर्जात लिव."

"ती नाही लिहिणार," मंदा म्हणाली. "ती चूक नाही."

"मंग काय लिवशील?"

तिला ठाऊक नव्हतं. इथून पळून जाता येईल, एवढं ठाऊक होतं. गोणपाट मिळालं आहे. घरी जाऊन म्हणता येईल, गोदूबाईनं स्वतः कबूल केलं, विचारा हवं तर; आणि विचारायला कोणी जाणार नाही, कारण तेलणीच्या दारात जाऊन विचारणार कोण? काकू? अप्पा? तीन शब्दांची गोष्ट तशीच तीन शब्दांची राहील, आणि सोमवारी शाळा. किती सोपं. आणि दर सोमवारी, मंगळवारी, रोज सकाळी याच कोपऱ्यावरून जायचं, उघड्या डोळ्यांनी — की मिटून?

"चला," ती म्हणाली. "तुम्ही सगळं सांगा. नाही... मी सांगते. तुम्ही नुसत्या उभ्या राहा, मी चुकले तर बोला."

"आत्ता? गाडीला टाइम हाय."

"आत्ताच. गाडी यायच्या आत काकूंना सांगायचं आहे. अप्पांना नंतर."

हे तिच्या तोंडून कसं निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. आठ दिवस ती काकूंच्या पाठीमागून अप्पांपर्यंत पोचायच्या वाटा शोधत होती.

गोदूबाईनं घाण्यावरच्या गड्याला हाक मारून दुकानाकडे बघायला सांगितलं, डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. पण मंदाच्या बरोबरीनं नाही, चार पावलं मागून. मंदा थांबली की ती थांबायची. शेवटी मंदानंच पाय जास्त ओढल्यासारखं केलं, आणि मग तिला हात द्यायला म्हणून गोदूबाईला शेजारी यावंच लागलं. हात तेलकट, ऊबदार. मंदाचा हात दोनदा निसटला.

तलावाच्या वळणावर वकिलांकडचे काळुराममामा भेटले. बगलेत कागदांचं बासन, पायांत नवा जोडा, कोर्टाकडे निघालेले. दुरून मंदाला पाहून हसले. मग शेजारी पाहिलं. हसू पुसलं गेलं नाही, नुसतं जागचं सरकलं. ते थांबले, काहीतरी विसरल्यासारखं कपाळावर बोट टेकवलं, वळले आणि आल्या वाटेनं घराकडे गेले. आता घरी जातील, दोन घोट पाणी पितील, क्षणभर टेकतील आणि नव्यानं निघतील. मंदाला तो सगळा विधी पाठ होता. पण आजवर तिनं तो मागून पाहिला होता, जाणाऱ्याबरोबर. समोरून कधी पाहिला नव्हता. समोरून तो असा दिसतो — एक ओळखीचं माणूस आपल्याकडे येता येता पाठ होतं.

तिनं चोरून गोदूबाईकडे पाहिलं. तिथे काहीच हललं नव्हतं. ती पाण्यावरच्या बदकांकडे बघत होती.

आणि त्या पाठमोऱ्या नव्या जोड्याकडे पाहता पाहताच मंदाला दुसरी एक पाठ आठवली. दहा दिवसांपूर्वीची पहाट, अप्पा दौऱ्याला निघालेले. आई दह्याची कवडी हातावर घालत होती, मंदा पानसुपारी घेऊन उभी — आणि काकू? सगळा शिधा काकूंनी बांधला होता, वळकटी काकूंनी करवून घेतली होती, चार वाजल्यापासून त्याच उठलेल्या होत्या. पण अप्पांनी उंबऱ्याकडे पाऊल वळवलं तेव्हा काकू तिथे नव्हत्या. त्या मागच्या पडवीत गेल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी कधीच सांगत नाही. वाट मोकळी होईपर्यंत त्या तिथे भिंतीकडे तोंड करून थांबतात, आणि अप्पा दिसेनासे झाले की बाहेर येऊन विचारतात, निघाले का नीट? गेली सहा वर्षं. मी रोज बघते आणि मी कधी पाहिलं नाही... माझे डोळे किती दिवस मिटलेले होते?

आठ दिवस जो राग तिनं निखाऱ्यासारखा फुंकून फुंकून जपला होता तो चाचपायला गेली तर हाताला लागेना. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी होतं, त्यापेक्षा जड आणि अजिबात न जाळणारं. पण माघार नव्हती. उलट पाऊल आता जास्तच सरळ पडत होतं. शाळा तर हवीच. हवी म्हणजे हवीच! सोमवारी जायचंच! ती कशी मिळणार, हे मात्र आता तिला सकाळपेक्षाही कमी कळत होतं.

गल्लीच्या तोंडाशी गोदूबाईचा हात सैल झाला. "मी हितंच थांबते," ती म्हणाली. "तू आवाज दे, मंग येते."

"नाही," मंदा म्हणाली.

दारात काकू उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून उन्हात बघत. पोर अजून कशी आली नाही म्हणून आल्या असणार. आधी त्यांना मंदा दिसली आणि चेहरा सुटला, क्षणभर अगदी आईसारखा झाला. मग शेजारी गोदूबाई दिसली. हात खाली आला. मंदा त्यांच्या पापण्यांकडे बघत होती, दुसरं काही बघतच नव्हती. आणि चालता चालता तिला जाणवलं की आपण काकूंना आता काही सिद्ध करून दाखवायला निघालेलो नाही. आपल्याला त्यांना त्या मागच्या पडवीबद्दल विचारायचं आहे, आणि ते विचारलं तर त्या रडतील की थोबाडीत मारतील हे सांगता येत नाही, आणि तरी विचारायचं आहे. पाय मुळीच दुखत नव्हता. तिनं तो तेलकट हात पुन्हा नीट, बोटांत बोटं घालून धरला, आणि डोळे उघडे ठेवून पुढे गेली.